तालमीच्या खोलीतून काय घेऊन निघायचं?

या वेळच्या टपालात विद्यापीठांतल्या संगीत मंडळांविषयीची चार पत्रं आली, म्हणून ती एकत्रच घेते आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. शिकत असताना चार वर्षं मी मंडळात पेटीची साथ केली. नंतरची बावीस वर्षं सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेण्यात गेली. आजही शनिवारी संध्याकाळी मी विद्यार्थ्यांच्या तालमीला जाऊन बसते.

प्रश्न : ताई, मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अडीच वर्षं विद्यापीठाच्या समूहगान गटात आहे. एकटीने कधी गायले नाही, मागच्या रांगेत उभी असते. यंदा तालमींचं वेळापत्रक माझ्याकडे आलं. आम्ही सोळा जण, पाच वेगवेगळ्या विभागांतले, आणि खोली आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास मिळते. सगळे कधीच एकत्र जमत नाहीत. प्रयोगशाळा असलेल्या दोघांनी तर भांडणच काढलं, मग त्यांना उशिराची वेळ आलटून पालटून दिली. शेवटी मी सगळ्यांना एकदम बोलावणंच बंद केलं, आवाजांनुसार वेगवेगळं बोलावू लागले. नोकरीचा अर्ज भरताना मार्गदर्शक म्हणाले, ‘मंडळातली हस्तांतरणीय कौशल्यं लिही’, म्हणजे तिथे शिकलेलं आणि दुसऱ्या कामात उपयोगी पडणारं. मी ‘नेतृत्व, सांघिक काम, संवादकौशल्य’ असं लिहिलं आणि मलाच ते खोटं वाटलं. मी खरंच काही शिकले का? की फक्त गायला आवडतं म्हणून जात राहिले?

उत्तर : तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पत्राच्या मध्यावर आहे आणि तू ते तक्रारीच्या सुरात लिहून पुढे निघून गेलीस. ‘सगळ्यांना एकदम बोलावणंच बंद केलं.’ हे वाक्य पुन्हा वाच.

सोळा जण दोन तास खोलीत बसले म्हणजे बत्तीस माणसी-तास झाले. त्यातला बराचसा वेळ बाकीचे पंधरा जण एकाचा सूर जुळण्याची वाट पाहत बसतात. तू ओळखलंस की खालच्या पट्टीतल्या आवाजांना आधी वेगळं बसवता येतं, तबलेवाला सगळं गाणं एकत्र जोडायला घेतल्यावरच लागतो, आणि कोणती गोष्ट झाल्याशिवाय कोणती सुरूच होऊ शकत नाही. माझ्या पहिल्या मोठ्या प्रकल्पात हे कोणालाच सुचलं नव्हतं. चाचणी करणारी चार माणसं पहिल्या दिवसापासून येऊन रिकामी बसली होती. कोणाची गरज कधी आहे हे पाहून काम मांडायला आम्हाला पुढे कितीतरी महिने लागले, आणि त्यासाठी आम्हाला पगार मिळत होता.

आणि भांडणाचं काय केलंस? प्रयोगशाळेवाल्या दोघांना गैरसोय आलटून पालटून वाटून दिलीस. वेळापत्रक म्हटलं की कोणाची तरी गैरसोय ठरलेली. ती नेहमी एकाच्याच पदरात पडू नये, एवढं पाहणं म्हणजे न्यायाने काम वाटणं. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. सोळा माणसं गळ्यात पडली तेव्हा तू ते शिकलीस.

आता खोटेपणाबद्दल. तुझं मन बरोबर सांगतं आहे. ‘नेतृत्व’ हा शब्द कोणीही लिहू शकतं, म्हणून तो कोणाचाच राहत नाही. मुलाखतीला समोर बसून मी असे शेकडो अर्ज वाचले. ‘नेतृत्व’ दिसलं की मी एकच विचारायची : कोणी तुमचं ऐकलं नाही, तेव्हा काय केलंत? निम्मे उमेदवार तिथेच गप्प व्हायचे. तुझ्याकडे त्याचं उत्तर आहे.

पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, कारण या विषयात पुष्कळ अवास्तव बोललं जातं. गाण्याने माणूस आपोआप हुशार होत नाही. 1993 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा ऐकवला, तर त्यानंतर आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण वाढलेले दिसले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. त्यावरून जगभर ‘मोझार्ट ऐका, बुद्धी वाढवा’ असं पीक आलं. नंतर इतरांनी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं तेव्हा त्यात फारसं काही उरलं नाही. त्याच्याही कितीतरी आधी, 1901 मध्ये, एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की एका कामातलं शिक्षण दुसऱ्या कामात उतरतं ते दोन्ही कामांत जेवढं सारखं असेल तेवढंच. तान स्वच्छ घेता आली म्हणून हिशेब चोख होत नाही. पण सोळा माणसांची तालीम मांडणं आणि आठ माणसांचा प्रकल्प मांडणं, यांत बरंच काही सारखं आहे.

डेव्हिड पर्किन्स आणि गॅव्रिएल सॉलोमन या अभ्यासकांनी पुढे यातल्या दोन वाटा सांगितल्या. पहिली सवयीची : एकच गोष्ट निरनिराळ्या प्रसंगी इतकी केली की नव्या जागी ती न सांगता होते. दुसरी जाणीवपूर्वक वेचण्याची : मी नेमकं काय केलं हे थांबून स्वतःला सांगायचं आणि मग आणखी कुठे ते चालेल हे शोधायचं. मंडळातली बहुतेक मुलं दुसऱ्या वाटेवर पाऊलच टाकत नाहीत. कार्यक्रम झाला, फोटो निघाले, सगळे पांगले. अडीच वर्षांची कमाई खोलीतच राहते.

माझ्या बाबतीत ती वाट सापडायला फार वर्षं लागली, म्हणून तुला सविस्तर सांगते. पहिल्या वर्षी मी पेटीवर खूप वाजवायची. गायक थांबला की ती पोकळी मी लगेच भरून टाकायची, मला वाटायचं साथ म्हणजे हेच. एका तालमीत आमच्या गटातले एक ज्येष्ठ गायक थांबले आणि म्हणाले, ‘तू फार भरणा करतेस. मी श्वास घेतो ती जागा माझी आहे.’ त्यानंतर आठ दिवस त्यांनी मला फक्त षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून बसवलं. भाता चालू, एक पट्टी दाबलेली, बाकी काही नाही. मला रडू यायचं. पण पाचव्या-सहाव्या दिवशी मला त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. तान लांबणार असेल तर आधीचा श्वास खोल असायचा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं असेल तर शेवटच्या दोन मात्रांत आवाज जरा बसायचा. हे सगळं आधीही होतंच, माझ्याच वाजवण्याच्या आवाजात ते मला ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी आमची प्रणाली वापरणारे एक गृहस्थ चिडून बैठकीला आले. ते बोलत होते, आणि ते थांबले की आमचे सहकारी लगेच खुलासा करत होते. मला एकदम ती खोली आठवली. मी सहकाऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही गप्प राहिलो. गृहस्थांनी श्वास घेतला, थोडा वेळ गेला, आणि मग खरी अडचण बाहेर आली. त्यांचा राग संगणकावरच्या चुकीचा नव्हताच. त्यांच्या हाताखालच्या माणसांना न विचारता बदल केला गेला, त्याचा होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वतःला म्हटलं, हे मी पेटीवर शिकले. तोवर मी अर्जात ‘हार्मोनिअम वादन’ एवढंच छंदांखाली लिहीत आले होते.

तेव्हा तू एक कर. प्रत्येक तालमीनंतर वहीत तीन ओळी लिही : आज काय अडलं, मी काय केलं, त्याने काय बदललं. काही बदललं नसेल तर तेही लिही. ‘छान झालं’ असलं काही नको. एका सत्रात तीस-पस्तीस नोंदी होतील, त्यांतल्या चार-पाच सोन्यासारख्या निघतील.

अर्जात आत्ता असं लिहिता येईल : ‘पाच विभागांतल्या सोळा जणांच्या गायनगटाचं तालीम वेळापत्रक एक सत्र सांभाळलं. पूर्ण गट एकत्र जमत नव्हता, म्हणून तालीम आवाजांनुसार विभागली आणि अडचणीच्या वेळा आळीपाळीने वाटल्या.’ दोन वाक्यं, एकही मोठा शब्द नाही. यामुळे उपस्थिती वाढली का, ते तुझ्याकडे मोजलेलं असेल तरच आकडा दे. मोजलं नसेल तर पुढच्या तालमीपासून हजेरी ठेव. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहेस, तुला हे मी सांगायला नको.

एक आणखी सुचवते. न्यूयॉर्कमध्ये 1972 साली सुरू झालेला ऑर्फियस नावाचा वाद्यवृंद आहे. त्यांच्यात समोर उभा राहून हातवाऱ्यांनी वादकांना चालवणारा संचालक नसतो. प्रत्येक रचनेसाठी वादकांतलीच काही माणसं पुढाकार घेतात, ती कशी वाजवायची याचा विचार आधी मांडतात, आणि पुढच्या रचनेला दुसरी माणसं पुढे येतात. उरलेल्या सत्रात तुमच्या गटात हे करून पाहा. एक गाणं तू बसव. मागच्या रांगेतल्या माणसाला कुठे काय ऐकू येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : हो, गायला आवडतं म्हणूनच गेलीस, आणि तेच योग्य होतं. अर्जात लिहिण्यासाठी गेली असतीस तर प्रयोगशाळेवाल्यांच्या भांडणाच्या दिवशीच सोडून दिलं असतंस.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण मित्रांच्या तालमीला जाऊन बसायला आवडतं. मंडळात माझ्यासारख्याला काही जागा आहे का?

उत्तर : आहे, आणि तिथे नेहमी माणूस कमी असतो. ध्वनीची बाजू घे.

कार्यक्रमाआधी एक कागद बनवायला शीक : कोणता माईक कोणासाठी, मिक्सरच्या कोणत्या चॅनेलवर, कोणाला स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर लागेल. हा कागद बनवायचा तर प्रत्येक कलाकाराशी बोलावं लागतं, आणि कलाकार ‘जरा गोल आवाज द्या’ असं सांगतात. ‘गोल’ म्हणजे या माणसाला काय हवं आहे, हे दोन प्रश्नांत काढून घेणं ही मोठी हातोटी आहे. ग्राहकाची मागणी समजून घेणारा अभियंता पुढे हेच करतो.

मग बिघाड शोधणं. माईक बंद आहे, सभागृह भरलं आहे, आणि दहा मिनिटं हातात आहेत. घाबरलेला मुलगा सगळीच बटणं फिरवतो. शिकलेला मुलगा एका वेळी एकच गोष्ट बदलतो : चालणारा माईक त्याच केबलला लावतो, मग केबल बदलतो, मग चॅनेल. कंडेन्सर माईक असेल तर त्याला मिक्सरकडून 48 व्होल्टचा पुरवठा लागतो, तो चालू आहे का हे आधी बघतो. मधूनच शिट्टी घुमली तर त्याला ठाऊक असतं की स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा पुन्हा मोठा होतो आहे. तो माईकची दिशा बदलतो किंवा तेवढाच चॅनेल खाली घेतो, सगळा आवाज बंद करत नाही. आमच्या एका कार्यक्रमात गाणं रंगात असताना मुख्य माईक गेला होता. त्या मुलाने गुडघ्यांवर रांगत जाऊन दुसरा माईक गायिकेच्या हातात दिला, समेच्या आत. मागे बसलेल्यांना कळलंसुद्धा नाही. तो मुलगा उद्या मोठी यंत्रणा कोलमडली तरी डोकं शांत ठेवील, याबद्दल मला शंका नाही.

कान मात्र जप. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कामाच्या जागेसाठी सांगितलेली मर्यादा आहे, आणि दर 3 डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला फक्त एक तास. स्पीकरजवळ उभा राहणार असशील तर कानात बोळे घालूनच राहा, मित्र हसले तरी.

प्रश्न : मंचावर गेलं की माझे हात थरथरतात. तोंडी परीक्षेतही तेच होतं. मंडळात राहून ही भीती जाईल का?

उत्तर : जाईल असं वचन मी देणार नाही. चार वर्षं वाजवूनही पडदा उघडताना माझे तळवे ओले असायचे. पण भीतीसकट काम करता येतं, आणि ते मंडळात शिकता येतं.

2014 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी लोकांना अनोळखी माणसांसमोर कराओके गायला लावलं. गाण्याआधी ज्यांनी ‘मला उत्साह वाटतो आहे’ असं मोठ्याने म्हटलं, ते ‘मला धास्ती वाटते आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं गायले. भाषणाच्या प्रयोगात तर ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षाही उत्साहवाले सरस ठरले. छाती धडधडते ती दोन्ही वेळा सारखीच, तिला शांत हो म्हणण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं जातं.

दुसरं, मंचाची उंची हळूहळू वाढव. आधी दोन मैत्रिणींसमोर, मग पूर्ण गटासमोर, मग दुसऱ्या विभागाच्या छोट्या कार्यक्रमात. आणि तालमीत मुद्दाम चुकून पुढे जाण्याचा सराव कर. तीनतालाच्या सोळा मात्रांत कुठेही हरवलीस तरी नवव्या मात्रेला ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) येते, तिथे तबल्याचा भरीव आवाज हलका होतो, तो कानाने पकड आणि समेवर सगळ्यांना भेट. मधलं जे गेलं ते गेलं. तोंडी परीक्षेतही एका प्रश्नाला अडखळलीस तर तिथेच घुटमळू नकोस, पुढच्या प्रश्नाला भेट. हे दोन्हींत सारखं आहे हे परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतःला आठवण करून दे.

मैत्रिणीने दिलेली कसलीही ‘धडधड थांबवणारी’ गोळी मात्र घेऊ नकोस. काहींना अशी औषधं चालत नाहीत, आणि ते डॉक्टरच सांगू शकतात.

प्रश्न : मंडळाच्या नादात माझे दोन विषय राहिले. सोडू का? सगळे म्हणतात मी गेलो तर काहीच हलणार नाही.

उत्तर : एक सत्र सोड. विषय आधी. आणि तू गेल्यावर काहीच हलणार नाही हे खरं असेल, तर ते तुझं कौतुक नाही, मंडळाची अडचण आहे, आणि ती तू जाण्याआधी दूर करू शकतोस.

दोन आठवडे घे. तुला एकट्याला ठाऊक असलेलं सगळं कागदावर उतरव : खोलीची किल्ली कोणाकडून घ्यायची, सभागृहासाठी अर्ज किती दिवस आधी लागतो, कोणत्या तबल्याची शाई (मधला काळा थर) उडाली आहे, कोणती केबल हलवली की आवाज जातो, बाहेरून वाद्यं आणली तर परत करायची तारीख कुठे लिहिलेली आहे. मग तुझी जागा घेणाऱ्याला एक पूर्ण तालीम चालवू दे. तू मागे बस आणि विचारल्याशिवाय बोलू नकोस. तो ज्या तीन ठिकाणी अडेल, तेवढंच कागदात वाढव. काम नीट सोपवून बाहेर पडता येणारी माणसं मला नोकरीत फार थोडी भेटली. त्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेव, आणि सत्र संपलं, विषय सुटले, की परत येऊन त्यातलं काय काय बदललं आहे ते नव्या मुलाकडून समजून घे.